मिठाच्या बुरुजाची सावली

व्हिएन्नातला प्रत्येक दगड इतिहास बोलतो, असं वाक्य आल्फोन्स झाप्लेताल यांनी आपल्या वॉर्डाच्या इतिहासाच्या पहिल्या खंडाच्या पहिल्या पानावर लिहिलं. वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी पेन खाली ठेवलं, चष्मा पुसला आणि बायकोला बोलावून ते दोनदा वाचून दाखवलं. त्याला आता अकरा वर्षं झाली होती. दुसरं वाक्य अजून जमलं नव्हतं, कारण त्यांच्या वॉर्डातले दगड तोंड उघडायला तयार नव्हते.

व्हिएन्नात वॉर्ड तेवीस. पहिल्यात संत स्टेफानचं चर्च. दुसऱ्यात तो गोल फिरणारा मोठा पाळणा. तेराव्यात सम्राटाचा उन्हाळी महाल. अकराव्यात तर नुसती दफनभूमी, पण तीही अशी की जिवंत माणसं ट्राममध्ये उभं राहून तिकडे जातात. एका थोर संगीतकाराने या शहरात भाड्याच्या इतक्या खोल्या बदलल्या की गल्लोगल्ली ‘इथे राहत होते’ अशा पाट्या लागल्या आणि पाटीच्या दोन्ही बाजूंना लाल-पांढरी निशाणं. झाप्लेतालांच्या वॉर्डात मात्र तो कधी राहिला नाही. राहिला नाही ते नाही, तिथून बग्गीने गेल्याचाही पुरावा सापडेना. वॉर्डाचा आकडा कशाला सांगायचा. तिथल्या लोकांना उगाच वाईट वाटायचं.

आणि जखमेवर मीठ असं की जे काही बघण्यासारखं होतं ते सगळं रस्त्याच्या पलीकडे. हद्दीचा रस्ता, मधून ट्रामचे रूळ. रुळांच्या पलीकडे शेजारचा वॉर्ड आणि त्यात मिठाचा बुरूज. साठ मीटर उंच, लाल विटांचा, वर तांब्याची हिरवी टोपी. त्याच्यात कधीकाळी मीठ साठवत होते, आता पर्यटक साठवतात. रुळांच्या अलीकडे वाटाणा चौक. त्यात चार लिंडनची झाडं, गाद्यांची दोन दुकानं आणि पोल्दीबाईंची सॉसेजची टपरी.

प्रत्येक वॉर्डाचं एक छोटं संग्रहालय असतं आणि ते निवृत्त माणसं बिनपगारी चालवतात, ही तिथली रीत. माणूस नोकरीतून सुटला की घरच्यांनाही तो कुठेतरी ठेवलेला बरा वाटतो. झाप्लेताल महापालिकेच्या दप्तरखान्यात बेचाळीस वर्षं नोंदी करून सुटले आणि आपल्या वॉर्डाच्या संग्रहालयाचे संचालक झाले. दोन खोल्या, बुधवारी आणि रविवारी तीन ते पाच उघड्या. आत एक चांभाराचं बाक, आगीच्या बंबाची बादली, एका बेकरीवाल्याने काडेपेटीच्या काड्यांतून केलेला वॉर्डाचा नमुना, आणि काचेच्या पेटीत तुर्कांच्या वेढ्यातला तोफेचा गोळा. या गोळ्याला बोटं घालायला भोकं होती. तो गोळा नसून बोलिंगचा चेंडू आहे, असं एका शाळामास्तरने लेखी कळवलं होतं. झाप्लेतालांनी ते पत्र आवक क्रमांक देऊन फाइलला लावलं आणि गोळा जागचा हलवला नाही.

तर त्या वर्षी जानेवारीत शहराच्या कचेरीतून परिपत्रक आलं. ‘तेवीस वॉर्ड, तेवीस खुणा’ नावाचं मोठं पुस्तक निघणार होतं. प्रत्येक वॉर्डाला एक पान, पानावर त्या वॉर्डाची खूण. इथवर ठीक होतं. शेवटच्या परिच्छेदात म्हटलं होतं, की तीस जूनपर्यंत ज्या वॉर्डाला दाखवण्यासारखी खूण सापडणार नाही, त्याला स्वतंत्र संग्रहालयाची गरज नाही असं समजण्यात येईल. तिथला संग्रह शेजारच्या संग्रहालयात हलवावा.

शेजारचं संग्रहालय म्हणजे होफराट डॉक्टर एंगेलबेर्ट टाउशित्स.

होफराट म्हणजे दरबारी सल्लागार. दरबार उठून शंभर वर्षं झाली. सल्ला अजून चालू आहे. टाउशित्स आणि झाप्लेताल गेली एकतीस वर्षं दर गुरुवारी कोपऱ्यावरच्या कॉफीघरात पत्ते खेळत आणि एकतीस वर्षं एकमेकांना अहो-जाहो करत. त्या गुरुवारी होफराटांनी पानं पिसता पिसता विषय काढला.

“झाप्लेतालसाहेब, परिपत्रक वाचलंत?”

“वाचलं.”

“मन लहान करू नका. तुमच्या सामानाला आमच्या तळघरात जागा करू. जरा ओल आहे, पण बादलीला काय होतंय?”

“आणि मला?”

“तुम्हाला का नाही! आमच्याकडे दारात कोट सांभाळायला माणूस लागतोच. बसायला खुर्ची आहे. हिवाळ्यात तर चांगलंच काम असतं.”

झाप्लेतालांनी हुकमाचं पान चुकीच्या जागी टाकलं आणि डाव हरले. घरी जाताना त्यांनी खिशातला किल्ल्यांचा जुडगा मुठीत गच्च धरला होता. त्यात सात किल्ल्या होत्या. संग्रहालयाला कुलपं दोनच होती, पण सात किल्ल्यांचा माणूस आणि कोटाचं टोकन देणारा माणूस यांत फरक असतो, आणि तो फरक सत्तरीत कळला तर फार लागतो.

त्यांनी वॉर्ड पिंजून काढला. एका दारावर नक्षी सापडली, ती मागच्याच वर्षी प्लॅस्टिकची बसवलेली निघाली. एक जुना पाणवठा सापडला, तो नकाशात बघितला तर सव्वा मीटरने पलीकडे. बायको नोटबुर्गा म्हणाली, “आल्फोन्स, तूच जाऊन चौकात उभा राहा. वॉर्डात सगळ्यात जुनी वस्तू तूच आहेस.”

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी तीनला, ते वाटाणा चौकात पोल्दीबाईंच्या टपरीसमोर सॉसेज खात उभे होते. पोल्दीबाई चष्मा असलेल्या प्रत्येकाला डॉक्टर म्हणत आणि चष्मा नसलेल्याला इंजिनियर.

“डॉक्टर, तुमच्या त्या बुरुजाला काही सांगा हो.”

“आमचा नाही तो. शेजाऱ्यांचा.”

“असेल कुणाचा. रोज तीन वाजले की त्याची सावली येऊन माझ्या टपरीवर बसते ती चारपर्यंत उठत नाही. समोरचं बर्फ वितळत नाही, गिऱ्हाईक घसरतंय. काल एक बाई मोहरीच्या चटणीसकट पडली.”

“मी म्हटलं ना, तो पलीकडच्या वॉर्डात आहे.”

“बुरूज असेल पलीकडे! सावली तर आपल्याकडेच पडते ना?”

झाप्लेतालांच्या हातातलं सॉसेज तसंच राहिलं. त्यांनी खाली बघितलं. चौकभर, एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत, मिठाचा बुरूज आडवा पसरला होता. टोकाला तांब्याच्या टोपीचासुद्धा आकार. आणि तो होता संपूर्णपणे त्यांच्या वॉर्डात.

ते पुढचे दहा दिवस, बुधवार-रविवारी संग्रहालयाला कुलूप लावून, रोज तिथे आले. खडूने खुणा केल्या, वेळा टिपल्या, तीन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. एक सही पोल्दीबाईंची होती. मग त्यांनी अर्ज केला: ‘वॉर्डाची खूण: मिठाच्या बुरुजाची सावली, वाटाणा चौक. भेटीची वेळ दररोज तीन ते चार.’

दुसऱ्या कुठल्या शहरात हा अर्ज वाचून कुणी हसलं असतं. व्हिएन्नाच्या कचेरीने त्याला क्रमांक दिला. दोन आठवड्यांनी पत्र आलं: ‘सदर सावली स्थावर मालमत्ता आहे की जंगम, याचा खुलासा करावा.’ झाप्लेतालांनी उलट टपाली लिहिलं: ‘ती रोज ठरल्या वेळी येते, ठरल्या जागी बसते व ठरल्या वेळी उठते. या गुणांवर तिला सरकारी कर्मचाऱ्यांच्या वर्गात मोजावं.’ हे कचेरीला पटलं. कचेरी म्हणाली, मग मार्चपासून तात्पुरती पाटी लावायला हरकत नाही. पाहणी जूनमध्ये होईल.

पाटी लागली. दोन बाजूंना लाल-पांढरी निशाणं लागली. बातमी पलीकडे जायला एक ट्राम पुरली.

“आयत्या बिळावर नागोबा!” गुरुवारी होफराटांनी टेबलावर पत्ते नाही, मूठ आपटली. कॉफीसोबतच्या पाण्याचा पेला हिंदकळला. “बुरूज आमचा, विटा आमच्या, डागडुजी आमची, आणि सावली तुमची?”

“तुम्ही ती वापरत नव्हतात, होफराटसाहेब.”

“वापरत नव्हतो म्हणजे? आमच्या बुरुजाची सावली ती! ती बुरुजाबरोबरच येते!”

“मग तुमच्या हद्दीत ठेवायची. आम्ही काही ओढून आणली नाही. ती आपल्या पायांनी आली.”

“मी हरकत घेईन. लेखी घेईन.”

“घ्या. पान टाका आता, तुमचीच पाळी आहे.”

होफराटांनी खरोखरच हरकत घेतली, नऊ पानी. तिचा सारांश असा, की सावली ही बुरुजाची लांबलेली भिंत असून, पाहणीच्या दिवशी ते स्वतः हजर राहून आपला हक्क सांगतील.

आता इथे कुणी विचारील, मार्च गेला, एप्रिल गेला, मे गेला, झाप्लेताल एकदा तरी दुपारी चौकात गेले की नाही? गेले नाहीत. एक तर बुधवारी आणि रविवारी ते त्या वेळी संग्रहालयात बसत. दुसरं म्हणजे, जायचं कशाला? दहा दिवसांच्या नोंदी होत्या, खडूच्या खुणा होत्या, तीन सह्या होत्या. नोंद झालेली गोष्ट पुन्हा जागची हलत नाही, हा त्यांचा बेचाळीस वर्षांचा अनुभव होता. दप्तरखान्यात त्यांनी माणसं मेलेली बघितली होती, इमारती पडलेल्या बघितल्या होत्या. नोंद इकडची तिकडे झालेली बघितली नव्हती. त्यांना भीती होती ती फक्त ढगांची. जूनच्या पहिल्या तारखेपासून ते रोज खिडकीतून आभाळाकडे बघून हात जोडत. नोटबुर्गा म्हणाली, “लग्नाच्या वेळीसुद्धा तू एवढी काळजी केली नव्हतीस.”

“लग्न घरात होतं,” ते म्हणाले.

पाहणीचा दिवस उजाडला तो असा लखलखीत की आभाळात औषधालाही ढग नाही. झाप्लेतालांनी राखाडी सूट चढवला, सातही किल्ल्या घेतल्या आणि शीळ घालत चौकात आले. वाजले होते पावणेतीन. होफराट हिरवी टोपी घालून आधीच उभे होते, काखेत नऊ पानी हरकत. तीनला शहराच्या कचेरीतल्या पाहणी अधिकारी सिकोरा आल्या; मागिस्टर ही त्यांची पदवी, म्हणून सगळे त्यांना मागिस्टरबाई म्हणत. उंच, किरकोळ, हातात पुठ्ठ्याला लावलेला फॉर्म आणि कानावर पेन्सिल.

“नमस्कार. कुठे आहे?”

“आपण तिच्यातच उभ्या आहात,” असं म्हणत झाप्लेतालांनी मोठ्या रुबाबात हात खाली केला.

बाई उन्हात उभ्या होत्या. झाप्लेताल उन्हात उभे होते. लिंडनची चारही झाडं, गाद्यांची दोन्ही दुकानं, पाटी, निशाणं, सगळं टळटळीत उन्हात होतं. मिठाच्या बुरुजाची सावली पलीकडे बुरुजाच्या पायाशी, मांजरासारखी अंग चोरून पडली होती. रुळांपर्यंतसुद्धा आली नव्हती.

मग होफराटांनी खाकरून घसा साफ केला.

“सावली आज घरीच दिसते.”

“येईल,” झाप्लेताल म्हणाले. “जरा उशीर झालाय.”

“ट्राम चुकली असेल.”

“फेब्रुवारीत रोज यायची!”

“फेब्रुवारीत!” होफराटांना आनंदाने घाम फुटला. “अहो, फेब्रुवारीत सूर्य कुठे असतो आणि जूनमध्ये कुठे? शाळेत गेला होतात की नाही? सूर्य डोक्यावर आला की सावली आखडते. आता ही सप्टेंबरपर्यंत या बाजूला फिरकायची नाही!”

झाप्लेताल टपरीकडे वळले. “पोल्दीबाई! तुमच्या लक्षात नाही आलं?”

“आलं की. एप्रिलपासूनच येत नाही ती.”

“मग सांगितलं नाहीत?”

“तुम्ही विचारलं नाहीत. आणि खरं सांगू डॉक्टर, मला वाटलं सुट्टीवर गेली. या शहरात उन्हाळ्यात कोण जागेवर असतं?”

मागिस्टरबाईंनी कानावरची पेन्सिल काढली. “नियमाप्रमाणे मला पाहणीची पूर्ण मुदत थांबावं लागतं. साडेसहापर्यंत. मधल्या वेळात खूण हजर झाली तर नोंद करता येईल.”

“होईल,” झाप्लेताल म्हणाले. त्यांच्या डोळ्यांपुढे एक ओलसर तळघर आलं, दारातली खुर्ची आली, आणि होफराटांचा हिवाळी कोट आपल्या हातावर पडतोय असं दिसलं.

तिघं जमिनीकडे बघत उभे राहिले.

आता व्हिएन्नाच्या माणसाचा एक स्वभाव आहे. तीन माणसं एका जागी खाली बघत उभी दिसली की चौथा थांबतो. थांबून तो काय चाललंय हे विचारत नाही. तेवढं त्याला माहीत असतंच असं तो धरून चालतो. तो थेट तक्रार करतो.

पहिला आला तो काठीवाला म्हातारा. त्याने पाटी वाचली, घड्याळ बघितलं आणि म्हणाला, “तीन लिहिलंय. तीन वाजून वीस मिनिटं झाली. हा काय कारभार आहे?”

“वाट बघतोय,” झाप्लेताल पुटपुटले.

“बघायलाच लागणार! माझ्या लहानपणी अडीचला यायची. आणि चांगली लांब असायची. पूर्वीच्या सावल्याच वेगळ्या.”

त्याच्या मागे जाळीच्या पिशव्या घेतलेल्या दोन बहिणी थांबल्या. “काय आहे हो?” “सावली यायचीय.” “अजून आली नाही? बघ, मी म्हटलं नव्हतं, या वॉर्डात काहीच वेळेवर येत नाही.” गाद्यांच्या दुकानातला मालक बाहेर आला. समोरच्या दुकानातला त्याचा वैरी तो बाहेर आला म्हणून बाहेर आला. एका गृहस्थाने घरून घडीची खुर्ची आणली. ती बघून दुसऱ्याने बायकोला हाक मारली, “अगं ए, आपली खुर्ची आण, आणि उशी!” चार वाजता साठ माणसं होती. साडेचारला लिन्झहून आलेल्या पेन्शनरांची बस बुरुजाकडे निघाली होती ती गर्दी बघून इकडेच थांबली, आणि चाळीस पेन्शनरांनी उतरून, कॅमेरे खाली करून, रिकाम्या फरशीचे फोटो काढले.

“इथे काय आहे?” एका लिन्झवालीने विचारलं.

“सावली,” काठीवाला म्हणाला.

“दिसत तर नाही.”

“बाहेरगावच्यांना पहिल्यांदा दिसत नाही.”

लिन्झवालीने मान डोलावली आणि आणखी एक फोटो काढला.

पोल्दीबाईंना डोकं वर काढायला फुरसत नव्हती. “गोड मोहरी की तिखट? रांगेत या, इंजिनियरसाहेब, रांगेत! सावली आली म्हणून सॉसेज पळून जाणार नाही!” दोन माणसं जागेवरून भांडली. एक म्हणाला मी साडेतीनपासून उभा आहे, दुसरा म्हणाला मी इथला जन्माचा आहे. कुणीतरी म्हणालं, याबद्दल वर्तमानपत्रात लिहिलं पाहिजे. कुणीतरी म्हणालं, लिहून काय होतंय. चौकात इतकं समाधान झाप्लेतालांनी अकरा वर्षांत बघितलं नव्हतं, पण ते बघायच्या अवस्थेत नव्हते. त्यांची नजर रुळांपलीकडे होती.

कारण पाच वाजल्यापासून सावली हलू लागली होती.

“वाढतेय!” कुणीतरी ओरडलं. सगळा चौक उभा राहिला. खरंच वाढत होती. सूर्य पश्चिमेला कलत होता आणि सावली बुरुजाच्या पायाशी अंग सोडवून हळूहळू लांब होत होती. झाप्लेतालांनी किल्ल्या छातीशी धरल्या. साडेपाच झाले. सावली रुळांच्या दिशेने दहा पावलं आली, वीस पावलं आली.

आणि मग ती वळली.

म्हणजे ती वळतच होती. लक्षात आत्ता आलं. फेब्रुवारीत चौकात सरळ येणारी सावली संध्याकाळच्या सूर्याने बाजूला ढकलली, आणि ती चौकाच्या दक्षिणेकडून, गर्दीकडे पाठ करून, हद्दीच्या रस्त्याला तिरपी गेली. सव्वासहाला तिने रूळ ओलांडले आणि ती एका दंतवैद्याच्या दवाखान्यावर जाऊन बसली. दवाखाना होता तिसऱ्याच वॉर्डात.

चौकातून एक लांब “आऽऽ” निघालं. काठीवाला म्हणाला, “बघा. हे असंच असतं.” आणि त्याच्या चेहऱ्यावर गाढ शांती पसरली.

झाप्लेताल गाद्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसले. संपलं होतं. ते मनातल्या मनात कोटांची टोकनं लावू लागले: सात नंबर, आठ नंबर, नऊ नंबर होफराटांचा.

पण होफराट मात्र ताठ उभे होते आणि त्यांचा चेहरा बुरुजाच्या विटांसारखा लाल झाला होता.

“तिथे? त्या वॉर्डात?” ते म्हणाले. “तिथलं संग्रहालय कोण चालवतं ठाऊक आहे? ती लांगथालरबाई! ती उद्याच्या उद्या पाटी लावील. दंतवैद्याच्या भिंतीवर लावील! माझा बुरूज, आणि त्याची सावली दाढदुखीवर?”

“तुमचीच सावली आहे,” झाप्लेताल थकून म्हणाले. “तुम्हीच हरकत घ्या.”

होफराटांनी काखेतली नऊ पानं बाहेर काढली, त्यांच्याकडे बघितलं, आणि मधोमध फाडली.

“मागिस्टरबाई! लिहून घ्या. दरबारी सल्लागार टाउशित्स यांचं निवेदन. मिठाच्या बुरुजाची सावली परंपरेने वाटाणा चौकाची आहे. तीन पिढ्या मी ऐकत आलोय. आज ती आली नाही, तो तिचा दोष, चौकाचा नाही.”

झाप्लेताल त्यांच्याकडे बघतच राहिले. होफराट खालच्या आवाजात म्हणाले, “असे बघू नका. दगडापेक्षा वीट मऊ, इतकंच.”

“आणि मी वीट?”

“तुम्ही वीट. लांगथालरबाई संगमरवर आहे.”

मागिस्टरबाईंनी हे काहीच लिहून घेतलं नाही. त्या फॉर्मवर वाकून रकाने भरत होत्या आणि भरता भरता मोठ्याने वाचत होत्या, तशी त्यांची पद्धत होती. “रकाना पहिला: खुणेचं नाव. आहे. रकाना दुसरा: पाटी व निशाणं. आहेत. रकाना तिसरा: खूण प्रत्यक्ष हजर आहे का? नाही. शून्य गुण.” झाप्लेतालांनी डोळे मिटले. “रकाना चौथा: पाहणीच्या वेळी खूण बघण्यासाठी मुद्दाम थांबलेले नागरिक. पाचापर्यंत एक गुण, वीसपर्यंत दोन, शंभरावर दहा.” त्या टाचा उंच करून मोजू लागल्या. मोजायला बराच वेळ लागला, कारण लोक सॉसेजसाठी जागा बदलत होते. “दोनशे चौदा. कुत्री वगळून. रकाना पाचवा: नागरिकांची त्या जागेविषयी आस्था.” त्यांनी काठीवाल्याला विचारलं, “आपल्याला ही जागा कशी वाटली?”

“भिकार,” काठीवाला म्हणाला. “तीन तास उभा आहे. उद्या पुन्हा येणार आणि त्यांना चांगलं सुनावणार.”

“आस्था उत्तम,” बाईंनी लिहिलं. मग बेरीज केली, पुन्हा केली, आणि पेन्सिल कानावर ठेवली. “मंजूर आहे.”

“पण सावली तर आली नाही!” झाप्लेतालांच्या तोंडून निघून गेलं. दप्तरखान्यातला माणूस, खोटी नोंद त्यांना सोसेना.

“अहो साहेब, फॉर्ममध्ये सावलीला एकच रकाना आहे,” मागिस्टरबाई म्हणाल्या. “लोकांना दोन आहेत. पुस्तकात एवढंच लिहू: ‘वाटाणा चौक. इथे लोक सावलीची वाट बघतात.’ हे खोटं आहे का?”

झाप्लेतालांनी चौकाकडे बघितलं. खोटं नव्हतं. वेळ संपली तरी कुणी घरी जायचं नाव घेत नव्हतं.

“मग संग्रहालय?”

“राहील. सही इथे करा. पूर्ण नाव, हुद्द्यासकट.”

त्यांनी सही केली आणि खाली ‘संचालक’ असं लिहिलं. ते अक्षर जरा मोठंच आलं. होफराट टपरीपाशी जाऊन दोन सॉसेज घेऊन आले, एक त्यांच्या हातात दिलं आणि शेजारी पायरीवर बसले.

पुस्तक सप्टेंबरात आलं. वॉर्डाला अख्खं पान मिळालं. पानभर फोटो होता लिन्झच्या पेन्शनरांचा, सगळे खाली बघताना. झाप्लेतालांनी त्याच्या तीन प्रती घेतल्या, एक चांभाराच्या बाकावर उघडून ठेवली, काच पुसली, तोफेचा गोळा भोकं भिंतीकडे येतील असा फिरवला, आणि पहिल्या बुधवारी बरोबर तीनला दार उघडून, सूट घालून, किल्ल्या कमरेला लावून उभे राहिले.

साडेतीनला दार वाजलं. एक बाई आत आल्या. काखेत तेच पुस्तक, बोट घालून पान धरलेलं.

“हेच ना संग्रहालय? पुस्तकात आहे ते?”

“हेच, बाईसाहेब!” झाप्लेतालांच्या डोळ्यांत पाणी आलं. “या, या. वॉर्डाचा इतिहास सुरुवातीपासून सांगू, की थेट चौकापासून? मी संचालक. स्वतः दाखवीन. वेळेची काळजी करू नका.”

“पुस्तकात लिहिलंय, तुम्ही बुधवारी पाचपर्यंत इथेच असता.”

“हलत नाही इथून!”

“मग देवासारखे भेटलात,” बाई म्हणाल्या आणि हातातला चामडी पट्टा त्यांच्या हातात दिला. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला एक जाडजूड डाशहुंड कुत्रा बसला होता आणि जांभई देत होता. “मी पलीकडचा बुरूज बघून येते. तिथे कुत्री नेऊ देत नाहीत. एवढं अर्धा तास याला धराल का?”